थोडक्यात वाचलो!

आश्विन महिना लागला की आपल्या केळझरच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी सुरू होते. पाऊस निरोप घेत असतो. पण जाता जाता एखादी सर टाकून जातो. सकाळी गवतावर दव असते. दुपारी ऊन चटका देते. शेतात माणसांची धावपळ असते आणि रस्त्यावर ट्रॅक्टरांची.

या दिवसांत एक वाक्य फार वेळा कानांवर येते. घरचा माणूस सायकल हातात धरून, ढकलत ढकलत घरी येतो. कपड्यांना चिखल लागलेला असतो. कोपर खरचटलेले असते. हँडल वाकडे झालेले असते. घरचे घाबरून विचारतात, "काय झालं?" तो हसत म्हणतो, "काही नाही. थोडक्यात वाचलो!"

घरची बाई देवापुढे साखर ठेवते. चहा होतो. गोष्ट तिथेच संपते.

मंडळी, ही गोष्ट तिथे संपवू नये. आपण वाचलो, ही आनंदाची गोष्ट खरीच. पण आपण का घसरलो? रस्त्यावर काय पडले होते? ते तिथे कोणी टाकले? एवढे तीन प्रश्न विचारल्याशिवाय चहाचा कप तोंडाला लावू नये. त्याच जागी उद्या दुसरा कोणी घसरेल. तो वाचेलच असे नाही.

आधी दोन खऱ्या गोष्टी ऐका.

दूधवाल्याची गोष्ट

आमच्या ओळखीचे एक दूधवाले आहेत. भल्या पहाटे सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन अडकवून ते निघतात. एका कॅनमध्ये वीस लिटर दूध. म्हणजे दोन कॅनचे मिळून चाळीस किलोंहून जास्त ओझे.

एके दिवशी असेच ते निघाले होते. आदल्या रात्री कोणाचा तरी ट्रॅक्टर वावरातून सडकेवर चढला होता. त्याच्या मोठ्या चाकांना काळी माती चिकटली होती. तिचे पोळ्यांएवढे थर सडकेवर पडत गेले. रात्रभर त्यांवर दव पडले. पहाटेच्या अंधारात सडक काळी, मातीही काळी. काही दिसेना. इतक्यात एक कुत्रे आडवे आले. दूधवाल्यांनी करकचून ब्रेक दाबला. मागचे चाक एकीकडे गेले, दूध दुसरीकडे गेले, आणि ते स्वतः सडकेच्या मधोमध आडवे झाले. मागून एक जीप येत होती. ती त्यांच्या पायांपासून दोन हातांवर थांबली.

सकाळी मला ते भेटले. म्हणाले, "गुरुजी, आज तं गेलोच होतो. पण देवानं वाचवलं."

मी म्हटले, "देवानं वाचवलं खरं. पण चिखल काही देवानं टाकला नव्हता."

हे बोलताना मला फार शहाणपण सुचले होते. पण पुढे आठच दिवसांत माझीच पाळी आली.

मुलीची गोष्ट

2022 सालच्या दसऱ्यानंतरची ही गोष्ट. त्या वर्षी परतीच्या पावसाने आपल्याला चांगलेच रडवले होते. माझे खळे ओले होते. मळणी झाली. सोयाबीन वाळवायचे कुठे? कुटार टाकायचे कुठे? वावराला लागून डांबरी रस्ता आहे. डांबर लवकर तापते. सगळे लोक तसेच करतात, म्हणून मीही तसेच केले. रस्त्याच्या एका कडेला दाणे पसरले. त्यांवरून गाड्या जाऊ नयेत म्हणून भोवती दगड मांडले. पुढे वीस-पंचवीस पावलांपर्यंत कुटार पसरून दिले. दोन दिवसांनी दाणे भरून घरी नेले. दगड तिथेच राहिले. कुटारही बरेचसे तिथेच राहिले. काही दाणेही सांडलेले राहिले. "नंतर नेऊ" असे म्हटले आणि विसरलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भुरभुर पाऊस आला. नववीत शिकणारी एक मुलगी शाळेतून सायकलने घरी चालली होती. समोरून मोटारसायकल आली. मागून ट्रकचा हॉर्न वाजला. मुलीने शहाण्यासारखे केले. ती रस्त्याच्या कडेला सरकली. पण कडेला माझे ओले कुटार होते. पुढचे चाक त्यावर गेले आणि सर्रकन निसटले. मुलगी डाव्या अंगाला, वावराच्या बाजूला पडली. दप्तर उजव्या अंगाला, रस्त्यावर पडले. ट्रकचे मागचे चाक त्या दप्तरावरून गेले.

मी वावरातच होतो. धावत गेलो. तिला उठवले. "लागलं का वं बाई?" असे विचारले. गुडघा फुटला होता. पण ती गुडघ्याकडे पाहत नव्हती. दप्तरातली वही काढून पाहत होती. वहीवर टायरची नक्षी उठली होती. ती रडत म्हणाली, "माझंच चुकलं गुरुजी. मला सायकल नीट चालवता येत नाही."

मंडळी, ती मुलगी अगदी नीट सायकल चालवत होती. चूक माझी होती. पण त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी तिला घरी पोचवले. तिचे वडील हात जोडून म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी, पोरगी वाचली ना. थोडक्यात वाचली." त्यांनी मला चहा दिला. तो मी प्यालोही. कुटार माझे होते, हे मी सांगितले नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. डाव्या अंगाला न पडता ती उजव्या अंगाला पडली असती तर? हा एकच विचार मनात घोळत राहिला. चाळीस वर्षे पोरांना मी सांगितले की चूक झाली तर उभे राहून सांगा. आणि मी स्वतः चहा पिऊन घरी आलो.

पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. त्याआधी सायकल का घसरते ते समजून घेऊ.

सायकल का घसरते?

आपले दोन्ही तळवे कोरडे असताना एकमेकांवर घासून पाहा. हात अडतो. आता हाताला साबण लावा आणि पुन्हा घासा. हात सरकतो. दोन वस्तू एकमेकींना घासतात तेव्हा त्या एकमेकींना अडवतात. या अडवण्याला घर्षण म्हणतात. घर्षण आहे म्हणून आपण चालू शकतो. घर्षण आहे म्हणून सायकल पुढे जाते, वळते आणि थांबते.

सायकलचे चाक मोठे दिसते. पण ते जमिनीला किती टेकते? अगदी थोडे. दोन्ही चाके मिळून जमिनीला टेकलेली जागा आपल्या एका तळहातापेक्षाही लहान असते. तेवढ्याशा रबराने रस्ता पकडून ठेवलेला असतो. त्या रबराच्या आणि रस्त्याच्या मध्ये चिखल, पाणी, कुटार किंवा दाणे आले की पकड सुटते.

हा प्रयोग घरी करून पाहा. एका ताटात मूठभर सोयाबीन घ्या. त्यावर दुसरे ताट ठेवा आणि बोटाने ढकला. वरचे ताट कसे पळते पाहा! दाणे गोल आणि गुळगुळीत असतात. सायकलच्या चाकात आपण छर्रे घालतो, कशासाठी? चाक सहज फिरावे म्हणून. रस्त्यावर सांडलेला दाणा म्हणजे चाकाखाली आलेला छर्राच.

मागचे चाक घसरले तर माणूस कधी कधी सावरतो. पाय टेकवता येतो. पण पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. हँडल हातात असते, पण सायकल हातात राहत नाही. म्हणून पुढच्या चाकाला फार जपावे.

आता थोडा हिशेब करू. सायकल ताशी पंधरा किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरा. पंधरा किलोमीटर म्हणजे 15,000 मीटर. एका तासाचे सेकंद 3,600. भागाकार केला तर एका सेकंदात चार मीटरहून थोडे जास्त अंतर येते. चार मीटर म्हणजे जवळजवळ नऊ हात. समोर काही दिसले आणि आपण ब्रेक दाबला, एवढ्यात साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच सायकल नऊ हात पुढे गेलेली असते! त्यानंतर ती थांबू लागते. निसरड्या रस्त्यावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या तिप्पट अंतरही लागू शकते. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून निसरड्यावर सगळ्यांत मोठा उपाय एकच. वेग कमी.

आपल्या रस्त्यावर काय काय असते?

केळझर नागपूर-वर्धा रस्त्यावरचे गाव. टेकडीवरच्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला दूरदूरची माणसे येतात. चतुर्थीला गर्दी होते. तिकडे सेलू, पवनारवरून वर्ध्याला आणि इकडे बुटीबोरीवरून नागपूरला वाहने जातात. नागपूर-तुळजापूर हा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग याच बाजूने जातो. म्हणजे आपल्या भागात बैलगाडी, ट्रॅक्टर, सायकल, मोटार आणि मोठे ट्रक यांचा सगळ्यांचा संबंध येतो. आणि आश्विन-कार्तिकात रस्त्यावर पुढील गोष्टी हमखास सापडतात.

काळ्या मातीचा चिखल. आपली माती कापसाची काळी माती. ती पाणी धरून ठेवते आणि फुगते. पिकाला हा तिचा गुण चांगला. पण डांबरावर पडली की ती लोण्यासारखी होते. उन्हाने तिचा वरचा पापुद्रा वाळतो. आत ती ओलीच असते. वरून पाहणाऱ्याला वाटते, वाळली आहे. चाक गेले की पापुद्रा फुटतो आणि चाक निसटते.

कुटार आणि काड्या. वाळलेली सोयाबीनची काडी गुळगुळीत असते. एका काडीवर दुसरी काडी सरकते. वर पाऊस किंवा दव पडले की ती आणखी सरकते. लांब काडी चाकाच्या आऱ्यांत किंवा चेनमध्येही अडकते. कुटाराचा आणखी एक धोका आहे. त्यावर मोटार उभी राहिली किंवा तिच्या तळाला वाळले कुटार अडकले, तर गरम भागाला लागून ते पेट घेऊ शकते.

दगड. दाणे वाळवताना भोवती दगड मांडतात. दाणे घरी जातात आणि दगड रस्त्यावर राहतात. अंधारात दगड दिसत नाही. माझ्या दगडांना कोणी ठेचकाळले नाही, हे केवळ नशीब.

गिट्टी आणि मुरूम. पावसाने खड्डे पडतात. खड्ड्यांतली गिट्टी सुटून रस्ताभर पसरते. खड्ड्यात मुरूम टाकला तर तोही पावसाबरोबर बाहेर येतो. वळणावर गिट्टी असली तर फारच वाईट.

रपट्यावरचे शेवाळ. नाल्यावरच्या रपट्यावरून चार महिने पाणी वाहते. पाणी उतरले की सिमेंटवर हिरवे शेवाळ उरते. ते साबणापेक्षाही निसरडे. वरून थोडे पाणी वाहत असेल तर रपटा सायकलवरून ओलांडूच नये. खाली खड्डा पडला आहे की नाही, हे पाण्यातून कळत नाही.

पहिली सर. पाच-सहा दिवस उघडीप झाली की रस्त्यावर धूळ आणि गाड्यांचे तेल साचते. मग जी सर येते, तिच्या पहिल्या काही मिनिटांत हे सगळे मिसळून रस्ता तेलकट होतो. जोराचा पाऊस पडला की ते वाहून जाते. म्हणून सर आल्याबरोबर घाईने पळू नये. उलट त्याच वेळी जास्त सांभाळावे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी जाळ्याही ओल्या झाल्या की निसरड्या होतात.

गळालेली पाने. आपल्याकडे साग आणि पळस यांची पाने माघ-फाल्गुनात गळतात. तेव्हा हवा कोरडी असते, म्हणून पानांचा त्रास कमी. थंड देशांत मात्र याच शरद ऋतूत झाडे पाने टाकतात आणि वर पाऊस पडतो. तिकडे ओल्या पानांवरून सायकली घसरतात. एवढेच काय, इंग्लंडात ओली पाने रुळांवर चिकटून आगगाड्यांचे ब्रेकही नीट लागत नाहीत. रूळ धुण्यासाठी खास गाड्या सोडाव्या लागतात. लोखंडाच्या एवढ्या अवजड गाडीला पाने दाद देत नाहीत, मग आपली सायकल ती काय!

अंधार. कार्तिकात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास दिवस बुडतो. शेतातून, बाजारातून परतायला अंधार होतो. वर सांगितलेले सगळे काही अंधारात दिसत नाही. आणि आपणही दुसऱ्याला दिसत नाही.

सायकल कशी चालवावी?

निसरडी जागा दिसली की तिच्या आधीच वेग कमी करा. ब्रेक लावायचा तो कोरड्या जागेवर. निसरड्यावर आल्यानंतर करकचून ब्रेक दाबू नका. दूधवाल्यांची चूक हीच झाली.

निसरड्यावरून जाताना हँडल सरळ ठेवा. जोराने पायंडल मारू नका. चालत्या गतीनेच सायकल जाऊ द्या. मध्येच वळू नका. अंग एका बाजूला झुकवू नका. ब्रेक लावावाच लागला तर मागचा ब्रेक हळूहळू लावा. आपल्या सायकलींत बहुधा डाव्या हाताचा ब्रेक मागच्या चाकाचा आणि उजव्या हाताचा पुढच्या चाकाचा असतो. पण सगळ्या सायकली सारख्या नसतात. आपली सायकल आज घरी तपासून पाहा. कोरड्या रस्त्यावर मात्र दोन्ही ब्रेक मिळूनच लावावेत.

वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणावर नाही. टेकडीच्या उतारावर सुरुवातीपासूनच ब्रेक हलका धरून ठेवा. एकदा वेग वाढला की तो निसरड्यावर आवरत नाही.

कडेला कुटार पडलेले असेल तर आपण नकळत रस्त्याच्या मधे जातो. मधे जाण्याआधी मागे वळून पाहा. मागून गाडी येत असेल तर थांबा. पाय टेकवा. गाडी जाऊ द्या. मग हात दाखवून पुढे जा.

आणि सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे खाली उतरणे. वीस पावले सायकल हातात धरून चालण्यात लाज नाही. काही तरुणांना वाटते, उतरलो तर लोक हसतील. हसू द्या. लोक हसले तर हाड मोडत नाही.

ओझे दोन्ही बाजूंना सारखे बांधा. हँडलला पिशव्या लटकवू नका. त्या झुलतात आणि पुढचे चाक ओढतात. निसरड्या दिवसांत कॅरिअरवर माणूस बसवू नका. छत्री एका हातात धरून तर मुळीच चालवू नका. डोक्यावर हेल्मेट घातले तर फार चांगले. गुडघा फुटला तर आठ दिवसांत बरा होतो. डोक्याचे तसे नाही.

सायकल कशी ठेवावी?

जर्मनीतील कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने 1817 साली लाकडाची दुचाकी बनवली. तिला पायंडल नव्हते. जमिनीला पाय मारत ती पुढे न्यावी लागे. त्यानंतर कितीतरी वर्षे सायकलींची चाके लाकडाची, लोखंडाची किंवा भरीव रबराची होती. बसणाऱ्याचे अंग ठेचून निघे. 1888 साली बेलफास्ट शहरात जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. तिथून हवेच्या टायरचा प्रसार झाला. हवेचे टायर रस्त्याच्या खाचाखोचांवर दबते, म्हणून रस्ता धरून ठेवते.

पण टायरवर खाचा असतील तरच चिखलात त्याचा उपयोग. काही जणांचे टायर झिजून टक्कल पडलेल्या डोक्यासारखे झालेले असते. ते बदला. हवा फार कमी ठेवू नका आणि दगडासारखी कडकही करू नका. ब्रेकचे रबर झिजले असेल तर बदला. ते स्वस्त असते. रिमवर तेल किंवा चिखल असेल तर पुसून काढा. रिम ओली असली तर ब्रेक उशिरा लागतो. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक एक-दोनदा हलका दाबून रिम कोरडी करून घ्या.

पुढे दिवा आणि मागे लाल चकाकणारी चकती लावा. दिव्यासाठी पैसे नसतील तर निदान मागच्या मडगार्डवर पांढरा रंग द्या. अंगात फिकट रंगाचा सदरा घाला. दुरून दिसतो.

पडलेल्या माणसाला उचला

रस्त्यात कोणी पडलेले दिसले तर पुढे जाऊ नका. आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा. मग माणसाकडे जा. मान किंवा पाठ दुखते असे तो म्हणाला तर त्याला ओढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. 108 क्रमांकावर फोन करा. ही रुग्णवाहिका फुकट येते. डोक्याला मार लागून कोणाला उलटी झाली, फार झोप येऊ लागली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर घरी नेऊ नका. सरळ दवाखान्यात न्या. जखम लहान असली तरी साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

काही लोक म्हणतात, "मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल." ही भीती सोडा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठीच्या सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली शिक्कामोर्तब केले. 2019 साली मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलमच घालण्यात आले. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर खटला होत नाही. त्याची इच्छा नसेल तर त्याला आपले नावसुद्धा सांगावे लागत नाही.

खराटा कोणी घ्यायचा?

आता माझ्या गोष्टीचा शेवट सांगतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खराटा, फावडे आणि टोपले घेऊन त्या जागी गेलो. कुटार उचलले. दाणे झाडले. दगड उचलून धुऱ्यावर रचले. सगळ्या कामाला किती वेळ लागला असेल? घड्याळ पाहिले. पाऊण तास. फक्त पाऊण तासाचे काम मी तीन दिवस केले नव्हते, आणि त्यापायी एक पोर ट्रकखाली जाता जाता राहिली होती.

मग मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिला आणि तिच्या वडिलांना समोर बसवून सांगितले, "ते कुटार माझं होतं. चूक माझी होती, पोरीची नव्हती." नवीन वह्या नेल्या होत्या, त्या तिला दिल्या. वडील काही बोलले नाहीत. मुलगी मात्र थोड्या वेळाने म्हणाली, "गुरुजी, म्हणजे मला सायकल येते ना?" मी म्हटले, "येते. चांगली येते." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सायकलवरून शाळेत गेली. ती भिऊन घरी बसली असती तर मी स्वतःला क्षमा केली नसती.

आपल्या विदर्भात गाडगेबाबा होऊन गेले. 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी त्यांचा जन्म झाला. 1956 साली ते गेले. ज्या गावात जात तिथे ते आधी खराटा हातात घेत आणि रस्ता झाडत. दिवसा रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची. आपण त्यांना हात जोडतो. पण त्यांचा खराटा हातात घेत नाही.

कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या 285 व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर आपल्या वस्तूने अडथळा किंवा धोका केला तर पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाच्या भीतीने झाडलेला रस्ता किती दिवस स्वच्छ राहणार? आपलेच पोर त्या रस्त्याने येते, हे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, खळं ओलं असलं तं माल कुठं वाळवायचा?" प्रश्न खरा आहे. पिकाच्या दाण्यावर वर्षाचे पोट असते. ते भिजू द्या असे मी म्हणणार नाही. पण उपाय निघतात. चार शेतकऱ्यांनी मिळून एक ताडपत्री घ्यावी. घराच्या स्लॅबवर किंवा पटांगणात परवानगी घेऊन माल वाळवावा. गावासाठी सिमेंटचा ओटा करण्याची मागणी ग्रामसभेत मांडावी. कुटार बांधावर रचावे. ते गुरांना खायला होते आणि खताच्या खड्ड्यातही जाते. ट्रॅक्टर सडकेवर चढवण्याआधी चाकांची माती फावड्याने खरवडावी. तरीही माती पडलीच तर त्याच वेळी उचलावी. ओली माती काढायला दहा मिनिटे लागतात.

मोठ्या कारखान्यांत एक चांगली पद्धत आहे. अपघात झाला तरच नोंद करायची असे नाही. अपघात होता होता राहिला, तरी त्याची नोंद करतात आणि कारण शोधतात. आपणही तसे करू या. साक्षरता वर्गाच्या फळ्यावर एक कोपरा राखून ठेवा. कोणी घसरला तर त्याने तिथे जागा आणि कारण लिहावे. "नाल्याचा रपटा, शेवाळ." "देवळाचा उतार, गिट्टी." आपल्याला आता लिहिता येते. त्या लिहिण्याचा याहून चांगला उपयोग कोणता? दुसऱ्या दिवशी दोन माणसांनी खराटा घेऊन तिथे जावे. काम मोठे असेल तर अर्ज लिहून ग्रामपंचायतीला द्यावा. अर्जही आपणच लिहावा.

म्हणजे मग "थोडक्यात वाचलो" असे म्हणणारा माणूस नुसता वाचलेला राहणार नाही. तो दुसऱ्यालाही वाचवील.

लक्षात ठेवा

1. निसरडी जागा येण्याआधी वेग कमी करा.
2. निसरड्यावर करकचून ब्रेक दाबू नका. हँडल सरळ ठेवा.
3. शंका आली तर खाली उतरून चाला.
4. टायर, ब्रेक आणि दिवा दर आठवड्याला तपासा.
5. रस्त्यावर आपले जे पडले ते आपणच उचला. दगडही उचला.
6. थोडक्यात वाचलात तर जागा आणि कारण दुसऱ्यांना सांगा.

चर्चा करा

1. दूधवाले का घसरले? त्यांनी काय करायला हवे होते?
2. मुलगी म्हणाली, "माझंच चुकलं." तिला असे का वाटले असेल?
3. तुमच्या घरापासून शेतापर्यंत निसरड्या जागा कोणत्या? त्यांची यादी लिहा.
4. आपल्या गावात माल वाळवण्यासाठी कोणती जागा चांगली? त्याबद्दल ग्रामपंचायतीला पाच ओळींचा अर्ज लिहा.